सही-शिक्क्याचं पान

मी चौथी शिकलो, पण कॉलेजात सत्तावीस वर्षं काढली. असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. वसमतच्या एका कॉलेजात मी शिपाई होतो. पोरं काय लिहितात, कसं लिहितात, कुठं लिहितात, हे माझ्याइतकं तिथल्या कोणत्याही प्राध्यापकानं पाहिलेलं नाही. प्राध्यापक उत्तरपत्रिका बघतात. वर्ग रिकामा झाल्यावर मागं जे उरतं ते झाडणाऱ्याला दिसतं.

वहीचं पहिलं पान घ्या. कुणी वर श्री काढायचं, कुणी जय भीम लिहायचं, कुणी ७८६. पुढची दहा पानं मोत्यासारखी असायची. समासाला लाल रेघ, मथळ्याखाली दोनदा रेघ. अकराव्या पानापासून अक्षर पळायला लागायचं आणि विसाव्या पानावर वही संपायची. पानं संपायची नाहीत, पोराचा दम संपायचा. मग एकदम शेवटचं पान भरलेलं. तिथं एसटीचे टाइम, फुली-गोळ्याचा खेळ, क्रिकेटचे स्कोअर. पोरींच्या वहीत स्वतःचीच सही दहा-दहा वेळा, आडनाव बदलून बदलून. ती पानं मी मुद्दाम कधी वाचली नाहीत. पण केर भरताना नजर जातेच.

वर्गात सर जुन्या पिवळ्या कागदावरून सांगायचे आणि पोरं मान खाली घालून उतरवायची. एखादा शब्द निसटला की तेवढी जागा कोरी सोडून पुढं पळायचं. तास सुटला की शेजारच्याची वही ओढायची.

"ए, इथं काय म्हणले रे सर?"

"माझंबी तिथंच सुटलंय."

मग तिघं-चौघं मिळून अंदाजानं तो शब्द भरायचे, आणि परीक्षेत सगळ्यांच्या पेपरात तोच शब्द यायचा. सर कपाळाला हात लावायचे. मला दाराशी उभ्या उभ्या सगळं कळायचं, पण मला कोण विचारतो.

आणि प्रत्येक गोष्ट दोनदा लिहायची. आधी रफ, मग फेअर. रफ वहीला पोरं माणूस समजायची नाहीत. तिच्यावर चहाचा कप ठेवायची, तिनं वारा घ्यायची. फेअर वहीला मात्र खाकी कव्हर, वर नावाचा कागद. मला ते कधी पटलं नाही. एकदाच नीट लिहावं. पण मी लिहितच नव्हतो, म्हणून हे म्हणणं सोपं होतं.

बाकांवर कर्कटकानं कोरलेलं मी काचेच्या तुकड्यानं घासून काढायचो. एकदा एक पोरगं म्हणालं, "मामा, तुमी आमचा इतिहास पुसून टाकून राहिले की."

"आधी इतिहासात पास हो," मी म्हणालो. सगळा वर्ग हसला. कॉलेजात मला सगळे मामाच म्हणायचे.

पुढं मला सायन्सच्या प्रयोगशाळेत टाकलं. तिथं जर्नल नावाची वही असते. एक पान रेघांचं, एक कोरं. रेघांवर प्रयोग लिहायचा, कोऱ्यावर आकृती काढायची. वर्षभराचे प्रयोग त्यात भरले की सर पहिल्या पानावर सही करतात, शिक्का बसतो, मगच पोराला प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देतात. त्या पहिल्या पानाला सर्टिफिकेट म्हणतात. आमचे आधीचे सर मोठे कामाचे. ते वर्षाच्या सुरुवातीलाच गठ्ठ्यानं सह्या मारून ठेवायचे. शिक्का मी मारायचो. नावाची जागा कोरी राहायची, ती नंतर पोरांनी भरायची. बरोबर होतं की चूक, ते मी त्या काळी विचारलं नाही.

मी शिपाई झालो त्या पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाबूंनी मला एक गोष्ट शिकवली होती. मोठे बाबू म्हणजे ऑफिसातले हेड क्लार्क. ते म्हणाले होते, "बाकी काही समजलं न्हाई तरी चालंल. सही आणि शिक्का असलेला कागद कधी फाडायचा न्हाई. घाण झाला, चुरगळला, उंदरानं कुरतडला, तरी ठिवायचा." हे मी मनात पक्कं धरलं. पुष्कळ गोष्टी विसरलो, ही विसरलो नाही.

आमचा तांडा वसमतपासून सहा किलोमीटर. आमच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य गावोगाव वाहिलं. माझ्या बापापर्यंत बैल गेले, शेती आली, पण गोण शिवायचा टाका त्याच्या हातात राहिला होता, आणि तो त्यानं मला दिला. दाभणानं एक टाका पुढं, अर्धा मागं. ओढून बघा, सुटत नाही. याच टाक्यानं मी कॉलेजातल्या टाकलेल्या वह्यांची कोरी पानं शिवून माझ्या पोरीला वह्या करून द्यायचो. पहिलीपासून. खळ लावून पुठ्ठा, वर कॅलेंडरचं पान उलटं करून. तांड्यावरची पोरं तिची वही हातात घेऊन बघायची. मला त्याचा ताठा होता. इतकी कोरी पानं केरात जातात हे मला बघवत नव्हतं, ही खरी गोष्ट. दुसऱ्याकडे हात पसरायचा नव्हता, ही त्याहून खरी.

त्या वह्यांनी तिला एक सवय लावली. ती समास सोडायची नाही. पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहायची, मुंगीएवढं अक्षर. आधी पेन्सिलीनं लिहायची, चुकलं तर खोडायची, बरोबर ठरलं की त्याच्याच वरून पेन फिरवायची. तिचं रफ आणि फेअर एकाच पानावर असायचं.

ती आमच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला आली तेव्हा मी तिला सांगितलं, "कॉलेजात मी तुझा बा न्हाई. सगळ्यांसारखं मामा म्हण."

ती म्हणाली, "मामा न्हाई म्हणणार."

"मग काय म्हणशील?"

"काहीच न्हाई म्हणणार."

आणि तसंच केलं. प्रयोगशाळेत मी तिच्या टेबलावर परीक्षानळ्या ठेवायचो, ती मान हलवायची. बस. पोरांना माहीत होतं, पण कुणी बोलायचं नाही. जुने सर आदल्याच वर्षाअखेर रिटायर झाले होते, त्यांच्या जागी नवे सर आले. त्यांना ती माझी पोरगी हे माहीत नव्हतं.

केमिस्ट्रीचं जर्नल तिला हवं होतं. स्टोअरमध्ये जुन्या जर्नलांचा ढीग होता. अर्ध्यात कॉलेज सोडून गेलेल्या पोरांची, दोन-चार पानं लिहिलेली. मला ती रद्दीत द्यायला सांगितलं होतं. मी त्यातली चार काढली. कुणाला विचारलं नाही. रद्दीत जाणाऱ्या कागदाला विचारायचं कशाला, असं माझं डोकं. घरी आणून टाके उसवले, लिहिलेली पानं बाजूला काढली, कोरी जुळवून एक जाड जर्नल शिवलं. त्यातल्या एकाचं पहिलं पान, सर्टिफिकेट, नवंकोरं होतं. खाली जुन्या सरांची सही, शेजारी गोल निळा शिक्का. नावाची जागा रिकामी. मी ते सगळ्यात वर शिवलं.

पोरगी ते बघून म्हणाली, "बा, हे पान काढून टाकू का?"

"काहून?"

"ही सही जुन्या सरांची हाय. आमचे सर नवे हायेत."

"सही-शिक्क्याचं पान कुठं फाडतात का? राहू दे. झाली तर मदतच व्हईल."

"पण बा..."

"मी सांगून राहिलो ना?"

तिनं जर्नल दप्तरात ठेवलं. माझ्या घरात माझ्यापुढं कुणी दोनदा बोलत नव्हतं.

वर्षभर तिनं त्या जर्नलात लिहिलं. तिचं काम इतकं नेटकं की अर्धा वर्ग तिच्या जर्नलावरून उतरवायचा. दुपारी व्हरांड्यात पोरींचा घोळका बसलेला असायचा, मधे तिचं जर्नल उघडं, आणि भोवती सात-आठ माना खाली. हळदीचे दिवस आले तशी ती सकाळी आईबरोबर हळद शिजवायला जायला लागली. हळदीनं माखलेल्या बोटांनी पानं उलटायची. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा पिवळा डाग. बाकीच्या पोरी म्हणायच्या, "हळदीचा वास आला की समजायचं, बराबर उत्तर हाय."

प्रॅक्टिकलला पाच दिवस राहिले असताना नव्या सरांनी जर्नलं तपासायला घेतली. गुरुवार होता. मी काचेच्या भांड्यांचा ट्रे घेऊन मागच्या टेबलापाशी उभा. सर एकेक जर्नल उघडायचे, चाळायचे, सही करायचे. तिचं उघडलं आणि थांबले.

"ही सही कुणाची?"

ती उभी राहिली.

"हे सर मागच्या वर्षी रिटायर झाले. तू या वर्षी आलीस. त्यांनी तुला सही कशी दिली?" त्यांनी शिक्क्यावर बोट ठेवलं. "आणि हे बघ, जिल्हा परभणी. आपला जिल्हा हिंगोली झाला, शिक्के बदलले. हा शिक्का तर आता कॉलेजात न्हाईच. कुठून आणलं हे पान?"

तो शिक्का माझ्याच हातानं मारलेला. नवे शिक्के नांदेडहून बनवून आणणारा मीच. इंग्रजीतलं सर्टिफिकेट मला वाचता येत नव्हतं, पण शिक्का मराठीत होता. परभणी एवढं मला वाचता येत होतं. मी वाचलं नव्हतं. शिक्का आहे एवढंच पाहिलं होतं.

ती सरांकडेच बघत राहिली. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर सरांना कळलं असतं.

"चोरलंस का?"

माझ्या हातात ट्रे होता. एक पाऊल पुढं टाकायचं आणि म्हणायचं, सर, मी शिवलं ते. एवढंच. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि बाहेर गेलो. नळावर जाऊन हात धुतले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

सरांनी जर्नल ठेवून घेतलं. तिला सांगितलं, सोमवारी नवं जर्नल सगळे प्रयोग लिहून आणायचं आणि हे पान कुठून आलं त्याचा लेखी खुलासा द्यायचा. दोन्ही नसेल तर प्रॅक्टिकल नाही. प्रॅक्टिकल नाही म्हणजे वर्ष गेलं. आणि आमच्या तांड्यावर त्या वयाच्या पोरीचं एक वर्ष गेलं की पुढची वर्षं आपोआप जातात. तिच्या सख्ख्या मामानं, माझ्या मेव्हण्यानं, दोन स्थळं आधीच सांगून ठेवली होती. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

त्या दिवशी मी वसमतच्या दुकानातून नवं जर्नल विकत आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं. वर्गातल्या एका पोरीनं आपलं जर्नल तिला दिलं. ती पोरगी वसमतच्याच भीमनगरातली, जिवाभावाची. ते जर्नल माझ्या पोरीचंच बघून लिहिलेलं. म्हणजे माझी पोरगी आता स्वतःचंच लिखाण दुसरीच्या वहीतून परत उतरवून घेत होती. मधे मधे थांबायची.

"इथं तिनं आकडा चुकीचा उतरवलाय," एकदा आईला म्हणाली.

"मग तू बराबर लिही."

"मला आता बराबर आठवंना."

मी ओट्यावर बसून ऐकत होतो. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मनात माझं भांडण चालू होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एक मेमो नव्हता. तांड्यावर लोक मला कॉलेजवाला म्हणायचे. कुणाला वाटायचं मी तिथं लिखापढीचं काम करतो, आणि मी कधी ते खोडून काढलं नव्हतं. आता खुलासा लिहून द्यायचा म्हणजे स्टोअरमधून माल नेला हे स्वतःच्या हातानं कबूल करायचं. आणि लिहायचं कसं? मी रजिस्टरवर सही करायचो, तीही ऐटीत, शेवटच्या अक्षराला शेपूट ओढून. त्यापलीकडे चौथीनंतर मी एक ओळ लिहिलेली नव्हती. मी स्वतःला सांगायचो, सर विसरतील. मी स्वतःला सांगायचो, पोरगी हुशार आहे, काहीतरी सांगून सोडवून घेईल.

तिनं तेच केलं होतं.

रविवारी दुपारी ती पाण्याला गेली. जर्नल पेटीवर पडलेलं होतं. पूर्ण झालं का बघावं म्हणून मी उघडलं, तर आत घडी केलेला कागद. तिचं बारीक अक्षर. मी भिंतीला टेकून बसलो आणि अक्षराखाली बोट ठेवून वाचायला लागलो. तिचं लिहिलेलं मी त्याआधी कधी वाचलं नव्हतं. वह्या शिवून दिल्या, भरलेल्या वह्या हातात धरून लोकांना दाखवल्या, पण वाचलं नव्हतं.

लिहिलं होतं की, स्टोअर उघडे दिसले म्हणून मी आत जाऊन जुने जर्नल स्वतः घेतले. ही माझी चूक आहे. यात इतर कोणाचाही संबंध नाही.

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. खाली तिची सही होती, पूर्ण नावाची. तिच्या नावापुढं मधलं नाव माझं, मग आडनाव. इतर कोणाचाही संबंध नाही, आणि त्याच्या खाली माझंच नाव. कोपऱ्यात अंगठ्याचा पिवळा डाग.

मी तो कागद फाडला. आधी मधून, मग आडवा, मग इतका बारीक की एकही अक्षर पुरं राहू नये. सही असलेला कागद मी आयुष्यात पहिल्यांदा फाडला.

मग तिचा पेन घेतला. लिहायला पहिली ओळच येईना. कॉलेजातली पोरं अर्ज कसा सुरू करतात ते मी हजार वेळा पाहिलं होतं. महोदय लिहितात. मी महोदय लिहिलं. पुढं जे घडलं ते लिहिलं. जुनी जर्नलं रद्दीत द्यायला सांगितली होती, ती मी न विचारता घरी नेली. पानं मी शिवली. ते पान काढू का म्हणून पोरीनं विचारलं होतं, मीच नको म्हणालो. ती माझी मुलगी आहे. त्या दिवशी मी तिथं होतो आणि बोललो नाही.

आठ ओळी असतील. हात असा दुखत होता जसा दिवसभर कुदळ मारल्यावर दुखतो. ती पाणी घेऊन आली तेव्हा मी शेवटच्या ओळीवर होतो. घागर खाली ठेवून ती उभीच राहिली.

"माझा कागद कुठंय?"

"फाडला."

"सही होती त्याच्यावर."

"व्हय. होती."

तिनं माझ्या हातातला कागद घेऊन वाचला. वाचायला तिला किती वेळ लागणार, पण तिनं पुष्कळ वेळ घेतला. मग म्हणाली, "बा, दे, मी फेअर करून देते. तू खाली सही कर."

"न्हाई. हेच देतो."

"अक्षर वाकडं आलंय. दोन ठिकाणी खाडाखोड हाय."

"असू दे. माझंच हाय ते."

ती जर्नल घेऊन बसली. राहिलेला एक प्रयोग लिहायला लागली.

सोमवारी मी सरांना कागद दिला. ते वाचत असताना मी उभा होतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मामा, ही तुमची मुलगी?"

"व्हय."

"त्या दिवशी काहून बोलला न्हाई?"

"लिहिलंय त्यात," मी म्हणालो. खरं तर तेवढंच लिहिलं नव्हतं. बोललो नाही हे लिहिलं होतं, का बोललो नाही ते नव्हतं.

सरांनी तिच्या नव्या जर्नलावर सही केली. माझा कागद मला परत दिला आणि म्हणाले, "हा ऑफिसला द्यावा लागंल. माझा इलाज न्हाई." कॉलेजचे कागद या खोलीतून त्या खोलीत न्यायचं काम माझंच. म्हणून माझाच खुलासा मीच आवक-जावकच्या टेबलावर घेऊन गेलो. मोठे बाबू म्हणाले, "काय मामा, आज कुणाचं टपाल?"

"माझं."

त्यांनी वाचलं. हसणं तोंडावरच राहिलं. मग वर शिक्का मारला, नंबर टाकला आणि फाइलला लावला. दोन दिवसांनी मला मेमो मिळाला आणि प्रयोगशाळेतून काढून गेटवर घातलं. मेमो मी घेतला, घडी केली, खिशात ठेवला. अजून पेटीत आहे. त्यावर सही आणि शिक्का आहे.

प्रॅक्टिकलचा दिवस पुढं ढकलला होता, त्यामुळं तेव्हा मी गेटवरच होतो. येणाऱ्या प्रत्येकाचं हॉल तिकीट बघून आत सोडायचं. पोरींचा घोळका आला, त्यात ती होती. हातात नवं जर्नल. बोटं पिवळीच. मी हात पुढं केला.

मागची एक पोरगी म्हणाली, "अहो मामा, पोरीचंबी तिकीट बघता व्हय?"

"बघावं लागतं."

"बघू दे गं," माझी पोरगी म्हणाली. "बा हाय माझा."

मोठ्यानं म्हणाली. मी तिकीट घेतलं. तिचं नाव वाचलं, मधलं नाव वाचलं, आडनाव वाचलं. मग खाली शिक्क्यावर बोट ठेवलं आणि गोल फिरवत फिरवत तो सगळा वाचला. कॉलेजचं नाव, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. मागं रांग खोळंबली होती. खोळंबू दिली. वाचून झाल्यावर तिकीट तिच्या हातात दिलं आणि गेट उघडलं.